अपडेट झाले, अपग्रेडचे काय?

प्रति,
संपादक

महोदय,

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अजून ठणठणीत असलेले संगणक भंगारात न काढता त्यांवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट असे लिनक्सचे एखादे मोफत वितरण, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा तयार संच, बसवावे, हा आपल्या संगणकविषयक सदरातला सल्ला योग्यच आहे. मात्र त्याच लेखात पुढे ‘आठवड्यातून एकदा टर्मिनल उघडून सुडो ॲप्ट अपडेट ही कमांड द्या, संगणक सुरक्षित राहील’ असे एक वाक्य आहे. हे वाक्य कोणी जसेच्या तसे पाळले, तर त्याच्या संगणकावरचा एकही प्रोग्राम त्या कमांडमुळे बदलणार नाही. उबुंटूत काही दुरुस्त्या आपोआप बसतात, म्हणून तिथे बरेचसे निभावेल. मिंटमध्ये ती सोय मुळात बंद असते, तिथे तेही नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे, की त्याबद्दल जरा तपशिलात लिहिणे गरजेचे वाटते. (कमांडी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांडी देण्याच्या खिडकीत, त्या रोमन लहान अक्षरांत टाइप कराव्या लागतात. ॲप्ट हा सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्राम आणि सुडो म्हणजे तो प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे.)

अपडेट ही कमांड उपलब्ध सॉफ्टवेअरच्या फक्त याद्या आणते. कोणकोणत्या रिपॉझिटरींतून (इंटरनेटवरच्या भांडारांतून) सॉफ्टवेअर घ्यायचे, याची नोंद संगणकावर असते. पूर्वी ती सोर्सेस डॉट लिस्ट या फाइलीत असे, उबुंटू २४.०४ पासून ती उबुंटू डॉट सोर्सेस या फाइलीत असते. त्यातल्या प्रत्येक पत्त्यावरून आधी इनरिलीज नावाची एक छोटी फाइल उतरते. तिच्यावर डिजिटल सही असते आणि ती सही संगणकावर आधीपासून असलेल्या किल्लीशी जुळली तरच पुढचे काम होते. याच फाइलीत प्रत्येक यादीचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, दिलेला असतो, त्यामुळे वाटेत कोणी यादीत ढवळाढवळ केली तर ती लगेच पकडली जाते. मग याद्या उतरतात आणि व्हार, लिब, ॲप्ट, लिस्ट्स अशा एकात एक असलेल्या फोल्डरांत जाऊन पडतात. अपडेटचे काम इथे संपले. रेल्वेचे नवे वेळापत्रक घरी आले, इतकेच. गाडीत अजून कोणी बसलेले नाही. खुद्द ॲप्टही शेवटच्या ओळीत हेच सांगतो: इतकी पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) अपग्रेड करता येतील, पाहायची असतील तर ॲप्ट लिस्ट ही कमांड अपग्रेडेबल या पर्यायासह चालवा. ही ओळ न वाचता खिडकी बंद केली जाते, हीच खरी गोची.

प्रत्यक्ष काम करते ते सुडो ॲप्ट अपग्रेड. ही कमांड संगणकावर बसलेल्या पॅकेजेसच्या आवृत्त्या यादीतल्या आवृत्त्यांशी ताडून पाहते, नव्या आवृत्त्यांच्या डेब फाइली उतरवते आणि मग डीपीकेजी नावाच्या प्रोग्रामकरवी त्या उलगडून बसवते. म्हणजे दोन्ही कमांडी लागतात आणि त्याही याच क्रमाने. नुसते अपग्रेड चालवले तर ते जुन्याच यादीशी ताडते आणि ‘० अपग्रेड, ० नवीन’ असा निर्वाळा देते. असा निर्वाळा फसवा असतो, कारण यादीच महिनाभर जुनी आहे हे तो सांगत नाही.

जुन्या यादीचा दुसरा त्रास नवे पॅकेज घेताना होतो. समजा मराठी टायपिंगसाठी आयबस-एम१७एन हे पॅकेज हवे आहे आणि संगणकावर उबुंटू नुकतेच बसवले आहे. अपडेट न करता थेट इन्स्टॉल म्हटले, की एक तर ‘असे पॅकेज सापडत नाही’ असे उत्तर येते किंवा ४०४ हा आकडा येतो. सर्व्हरवर नवी आवृत्ती आली की जुनी काढली जाते. आपल्या यादीत मात्र त्या काढून टाकलेल्या फाइलीचा पत्ता असतो. इंटरनेट बिघडले, सर्व्हर बंद आहे असले निष्कर्ष काढण्याआधी अपडेट करून पाहावे. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते.

दोन्ही कमांडी एका ओळीत, मध्ये अँडची दोन चिन्हे टाकून देण्याची पद्धत आहे. पहिली यशस्वी झाली तरच दुसरी चालते, असा तिचा अर्थ. पद्धत चांगली आहे, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये. काही याद्या उतरल्या नाहीत, तरी अपडेट बऱ्याचदा स्वतःला यशस्वीच समजते. ‘काही याद्या उतरल्या नाहीत, त्याऐवजी जुन्या वापरल्या’ एवढाच इशारा डब्ल्यू हे अक्षर सुरुवातीला असलेल्या ओळीत देते आणि पुढे अपग्रेड सुरू होते. म्हणून अपडेट चालू असताना ओळींच्या सुरुवातीकडे लक्ष असावे. हिट म्हणजे यादीत बदल नाही, गेट म्हणजे नवी यादी उतरली, इग्न म्हणजे दुर्लक्ष केले आणि एरर म्हणजे अडले. सुरक्षा रिपॉझिटरीच्या पत्त्यासमोर एरर असेल, तर त्या दिवशीच्या अपग्रेडला फारसा अर्थ नाही.

जुन्या संगणकांवर ही एरर येण्याचे एक हमखास कारण सॉफ्टवेअरमध्ये नसतेच. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. वीज गेली की घड्याळ काही वर्षे मागे जाते. मग इनरिलीज फाइलीवरची तारीख संगणकाला भविष्यातली वाटते आणि ‘रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही, इतक्या तासांनी होईल’ असा चमत्कारिक वाटणारा संदेश येतो. किल्ल्या पुन्हा घाला, रिपॉझिटरी बदला असे नाना उपाय सुचवले जातात, सुरक्षा-तपासणी बंद करण्याचा घातक सल्लाही मिळतो. खरा उपाय म्हणजे तारीख-वेळ दुरुस्त करणे आणि सेल बदलणे. जुने संगणक पुन्हा वापरात आणणाऱ्यांनी हा सेल सुरुवातीलाच बदललेला बरा.

आता अपग्रेडच्या पोटातले प्रकार. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. जुन्या पुस्तकांत आणि शिकवणी-वर्गांच्या वह्यांत ॲप्ट-गेट अपग्रेड असे लिहिलेले असते. ही जुनी कमांड आजही चालते, पण ती नवे पॅकेज कधीच आत घेत नाही आणि जुने काढतही नाही. उबुंटूत नवा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हे तांत्रिकदृष्ट्या नव्या नावाचे नवे पॅकेज असते, कारण आवृत्तीचा आकडा त्याच्या नावातच असतो. परिणामी, इमानेइतबारे दर आठवड्याला ॲप्ट-गेट अपग्रेड करणाऱ्याला कर्नलच्या दुरुस्त्या त्या कमांडने मिळतच नाहीत. लिनक्स-जेनेरिक, लिनक्स-इमेज-जेनेरिक ही नावे ‘रोखून ठेवलेली पॅकेजेस’ या मथळ्याखाली दर वेळी दिसत राहतात. २०१४ मध्ये आलेली साधी ॲप्ट ही कमांड या बाबतीत शहाणी आहे: तिचे अपग्रेड गरजेची नवी पॅकेजेस घेते, मात्र बसलेले काही काढत नाही. काढण्याचीही मुभा हवी असेल, तर ॲप्ट फुल-अपग्रेड. जुन्या बोलीत ॲप्ट-गेट डिस्ट-अपग्रेड. या नावामुळे ही कमांड उबुंटू २२.०४ चे २४.०४ करते, असा समज होतो. ती तसे करत नाही. आहे त्याच आवृत्तीत, पॅकेजेसच्या एकमेकांवरच्या अवलंबित्वाचा गुंता सोडवताना काही पॅकेजेस उडवावी लागली तर उडवा, एवढीच परवानगी ती देते.

म्हणूनच वाय हा पर्याय जोडून सगळ्या प्रश्नांना आगाऊ होकार देण्याची सवय निदान फुल-अपग्रेडला तरी लावू नये. ‘ही पॅकेजेस काढली जातील’ या ओळीखाली डेस्कटॉपचे किंवा छपाईयंत्राच्या ड्रायव्हरचे नाव असेल, तर एन दाबून बाहेर पडावे. बहुधा त्रयस्थ रिपॉझिटरी, म्हणजे कुठल्याशा व्हिडिओत बघून जोडलेला पीपीए, मूळ पॅकेजेसशी भांडत असतो. ॲप्ट पॉलिसी आणि पुढे पॅकेजचे नाव, असे विचारले की कोणती आवृत्ती कुठून येते आहे ते स्पष्ट दिसते.

रोखून ठेवलेल्या पॅकेजेसचे आणखी एक कारण आहे आणि ते निरुपद्रवी आहे. उबुंटूत सर्वसाधारण सुधारणा टप्प्याटप्प्याने सोडल्या जातात. आधी थोड्या संगणकांना, तक्रारी आल्या नाहीत तर हळूहळू सगळ्यांना. आपला क्रमांक आलेला नसेल, तर पॅकेज यादीत दिसते, पण बसत नाही. २४.०४ मध्ये तसे स्पष्ट लिहून येते, २२.०४ मध्ये नुसतेच ‘रोखून ठेवले’ म्हणतात आणि लोक घाबरून नाव देऊन इन्स्टॉल करतात. तसे केले की ते बसते खरे, पण ते ‘वापरकर्त्याने मुद्दाम मागितलेले’ म्हणून नोंदले जाते आणि पुढे नको झालेली पॅकेजेस काढणारी ऑटोरिमूव्ह ही कमांड त्याला हात लावत नाही. दोन-चार दिवस थांबावे, हे उत्तम. सुरक्षा-दुरुस्त्यांना हे टप्पे लागू नसतात, त्यामुळे थांबण्यात धोका नाही. ज्याच्या घरी एकच संगणक आहे त्याने पुढची चार वाक्ये सोडली तरी चालतील. आपला क्रमांक कोणत्या टप्प्यात, हे मशीन-आयडी या ओळखक्रमांकावरून ठरते. शाळेच्या लॅबमध्ये एक संगणक तयार करून त्याच्या डिस्कची प्रतिमा तीस संगणकांवर उतरवली, तर तिसांचा मशीन-आयडी एकच असतो. एखादी सुधारणा सदोष निघाली, तर तिसांचे तीस त्याच टप्प्यात तिला बळी पडतात. प्रतिमा घेण्यापूर्वी मशीन-आयडी ही फाइल रिकामी करून ठेवली की पुढच्या वेळी सुरू होताना प्रत्येक संगणक स्वतःचा नवा क्रमांक तयार करतो.

अपग्रेड झाले तरी काम पुरते झाले असे नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीतले (अनेक प्रोग्राम वापरतात अशा सामायिक कोडमधले) हार्टब्लीड हे भगदाड उघडकीस आले, तेव्हा हा फरक जगभरातल्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांना कळला. दुरुस्त लायब्ररी डिस्कवर बसली, तरी आधीपासून चालू असलेला वेब सर्व्हर मेमरीतली जुनी लायब्ररीच वापरत राहतो. सेवा रीस्टार्ट होईपर्यंत भोक उघडेच. उबुंटूच्या अलीकडच्या सर्व्हर आवृत्त्यांत नीडरीस्टार्ट हा प्रोग्राम अपग्रेडच्या शेवटी अशा सेवा हुडकून काढतो. कर्नलच्या बाबतीत तर संगणक रीस्टार्ट केल्याशिवाय गत्यंतर नाही. रीस्टार्टची गरज असेल, तर व्हार फोल्डरातल्या रन या उपफोल्डरात रीबूट-रिक्वायर्ड नावाची फाइल तयार होते. ती आहे का पाहावे, आणि कोणत्या पॅकेजमुळे ते शेजारच्या, नावाच्या शेवटी पीकेजीएस असलेल्या फाइलीत वाचावे. महिनोन्‌महिने नुसते झाकण मिटून झोपवले जाणारे लॅपटॉप कितीही वेळा अपग्रेड केले तरी जुन्याच कर्नलवर चालत असतात. यूनेम आणि आर हा पर्याय, ही कमांड कोणता कर्नल चालू आहे ते सांगते.

हार्टब्लीडच्याच वेळचा आणखी एक गोंधळ आजही चालू आहे. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती १.०.१जी या आवृत्तीत दिली होती. उबुंटू ज्यावर बेतलेले आहे त्या डेबियनची ७ वी आवृत्ती वापरणाऱ्यांनी अपग्रेड केल्यावर आवृत्ती पाहिली तर १.०.१ई! दुरुस्ती झालीच नाही, असे अनेकांना वाटले. वस्तुतः डेबियन आणि उबुंटू स्थिर आवृत्तीत नवे सॉफ्टवेअर सहसा आणत नाहीत. जुन्याच आवृत्तीत फक्त तेवढे ठिगळ मागे नेऊन लावतात. बदल दिसतो तो आकड्याच्या शेपटात. त्या वेळी पॅकेजचा पूर्ण आकडा १.०.१ई-२+डेब७यू५ असा झाला होता. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएच या दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याच्या साधनातला रेग्रेशन हा दोष निघाला तेव्हाही डेबियन १२ ची दुरुस्त आवृत्ती ९.२पी१ च राहिली, शेपूट तेवढे डेब१२यू३ झाले. तेव्हा एखाद्या तपासणी-अहवालात ‘तुमचे सॉफ्टवेअर जुने आहे’ असे आले, की लगेच बाहेरून नवी आवृत्ती आणून कंपाइल करू नये. ॲप्ट चेंजलॉग आणि पॅकेजचे नाव, असे विचारून त्या दोषाचा सीव्हीई क्रमांक (सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक नोंदीतला क्रमांक) यादीत आहे का ते पाहावे. बाहेरून आणलेली प्रत पुढे कोणतेही अपग्रेड सांभाळत नाही, ती आपल्या गळ्यात पडते.

नवे तेवढे चांगले, हा हट्ट उलटतो कसा, याचे उदाहरणही ताजेच आहे. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड या फाइली आक्रसणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेले चोरदार असल्याचे जाहीर केले. ते डेबियनच्या चाचणी आणि अस्थिर शाखांपर्यंत पोचले होते, स्थिर शाखेत पोचले नव्हते. अर्थात, याचा दाखला देऊन अपग्रेडच टाळणारेही भेटतात. त्यांचा तर्क चुकीचा आहे. स्थिर शाखेत बहुतांश येतात त्या दुरुस्त्याच, नव्या आवृत्त्या क्वचित.

शाळा, ग्रंथालये, लहान कार्यालये यांनी आठवड्याच्या कमांडीवर अवलंबून राहू नये. अनअटेंडेड-अपग्रेड्स हे पॅकेज उबुंटूत आधीपासून असते. डेबियनवर नसेल तर घालून घ्यावे. ट्वेंटी ऑटो-अपग्रेड्स या फाइलीत दोन ओळी असतात: एक याद्या ताज्या करण्यासाठी, दुसरी अपग्रेडसाठी. दोन्हींपुढे १ हवा. पहिलीपुढे १ आणि दुसरीपुढे ० असेल, तर यंत्रही आपल्या लेखातल्या सल्ल्याप्रमाणेच वागते: रोज याद्या आणते आणि काहीच बसवत नाही. स्वयंचलित अपग्रेड सहसा फक्त सुरक्षा-दुरुस्त्या घेते, बाकीच्या घेत नाही, आणि सांगितल्याशिवाय रीस्टार्टही करत नाही. मिंटमध्ये हीच सोय अपडेट मॅनेजरच्या प्राधान्यक्रमांत ‘ऑटोमेशन’ या कप्प्यात चालू करावी लागते. चालू करण्यापूर्वी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट (बिघडल्यास मागे जाण्यासाठी सिस्टिमची प्रत) घेण्याची तिथली सूचना गांभीर्याने घ्यावी.

या स्वयंचलित कामाचा लॅबमध्ये एक विशिष्ट त्रास होतो. अपग्रेडची ठरलेली वेळ सकाळी सहाची, किंवा त्यापुढच्या तासाभरातली. संगणक तेव्हा बंद असतात. चुकलेली पाळी संगणक सुरू होताच भरून काढायची, अशी त्याला सूचना असते. म्हणजे पहिल्या तासाला लॅब उघडली, की थोड्याच वेळात सगळे संगणक एकदम डाउनलोडला लागतात, इंटरनेट रांगत चालते आणि त्याच वेळी कोणी ॲप्ट चालवले तर ‘लॉक-फ्रंटएंड मिळत नाही, अमुक क्रमांकाच्या प्रक्रियेने धरून ठेवले आहे’ असे उत्तर येते. इंटरनेटवर यावर सर्रास मिळणारा उपाय म्हणजे लॉकची फाइल उडवणे. तो करू नये. आत डीपीकेजी खरोखर काम करत असते; लॉक उडवून दुसरे डीपीकेजी घुसवले, तर पॅकेजेसची नोंदवही बिघडू शकते, आणि ती बिघडली तर संगणक नव्याने बसवणे हाच सोपा मार्ग उरतो. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. इंटरनेटच्या गर्दीवर इलाज म्हणजे लॅबमधल्या एका संगणकावर ॲप्ट-कॅशर-एनजी हा उतरलेल्या फाइली साठवून ठेवणारा प्रोग्राम बसवणे. तो ३१४२ या पोर्टवर ऐकतो. बाकीच्या संगणकांना ॲप्टच्या प्रॉक्सीच्या जागी त्याचा पत्ता द्यावा. मग प्रत्येक डेब फाइल बाहेरून एकदाच येते आणि उरलेल्यांना आतल्या आत मिळते. एचटीटीपीएसवरून येणाऱ्या त्रयस्थ रिपॉझिटरींना मात्र त्याचा उपयोग होत नाही.

वीज जाणे हा आपल्याकडचा कायमचा पाहुणा. डाउनलोड चालू असताना वीज गेली तर काही बिघडत नाही. उतरलेला भाग राहतो आणि पुढून सुरू होते. पॅकेज उलगडताना गेली, तर मात्र पुढच्या वेळी ॲप्ट अडून बसते आणि स्वतःच उपाय सांगते: सुडो डीपीकेजी, पुढे कॉन्फिगर हा पर्याय आणि ए. ते झाल्यावर ॲप्ट इन्स्टॉल, फिक्स-ब्रोकन या पर्यायासह. बहुतेक वेळा एवढ्याने गाडी रुळावर येते. यूपीएस नसलेल्या ठिकाणी आधी डाउनलोड-ओन्ली पर्यायाने फाइली फक्त उतरवून ठेवाव्यात आणि बसवण्याचे काम वीज भरवशाची असेल त्या वेळी करावे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम भागवणाऱ्यांनाही हीच युक्ती सोयीची.

अपग्रेड चालू असताना मध्येच एक प्रश्न येतो आणि घाबरगुंडी उडते: अमुक कॉन्फिगरेशन फाइल तुम्ही बदललेली आहे, नवी घेऊ की तुमची ठेवू? नुसते एंटर दाबले तर आपली राहते आणि नवी डीपीकेजी-डिस्ट असे शेपूट लावून शेजारी ठेवली जाते. वाय म्हटले तर नवी येते आणि आपली डीपीकेजी-ओल्ड नावाने उरते. काहीच नष्ट होत नाही. डी दाबून दोन्हींतला फरक आधी पाहावा. बूट विभाग (डिस्कवरची कर्नलची जागा) भरल्यामुळे कर्नल अडला असेल, तर तिथल्या फाइली हाताने उडवू नयेत. ॲप्ट ऑटोरिमूव्ह, पर्ज पर्यायासह चालवावे. चालू कर्नलला आणि सर्वांत नव्याला ते धक्का लावत नाही.

उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप या वेगळ्या पॅकेज-स्वरूपात येतो. तो ॲप्टच्या हिशेबातच नाही. त्याचे वेगळे नूतनीकरण दिवसातून चारदा आपोआप तपासले जाते, पण ब्राउझर उघडा असेल तर थांबून राहते. दिवसचे दिवस फायरफॉक्स बंदच न करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. फ्लॅटपॅक या आणखी एका स्वरूपात घेतलेल्या प्रोग्रामांसाठी फ्लॅटपॅक अपडेट. तिथे अपडेटचा अर्थ खरोखरच नवे बसवणे असा आहे. फेडोरात डीएनएफ अपडेट आणि डीएनएफ अपग्रेड या दोन्ही एकच. आर्चमध्ये याद्या ताज्या करून एखादेच पॅकेज घेणे हे निषिद्धच आहे, सगळे एकदम न्यावे लागते. म्हणून कोणताही सल्ला देताना तो कोणत्या वितरणासाठी आहे, हे लिहिणे आवश्यक असते.

राहिला तिसरा प्रकार, संपूर्ण आवृत्ती बदलण्याचा. उबुंटूची दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे मोफत दुरुस्त्या मिळतात. २०.०४ ची मुदत मे २०२५ मध्ये संपली. अशा मुदत संपलेल्या संगणकावर अपडेट आणि अपग्रेड दोन्ही बिनतक्रार चालतात आणि ‘० अपग्रेड’ म्हणतात, कारण नवे काही येतच नाही. ही शांतता सर्वांत धोक्याची. मधल्या, नऊ महिन्यांच्या आवृत्त्या निदान ४०४ तरी देतात. उबुंटू प्रो ही वाढीव मुदतीची योजना वैयक्तिक वापरासाठी पाच संगणकांपर्यंत मोफत आहे. नाहीतर डू-रिलीज-अपग्रेड ही कमांड. ती चालवण्याआधी सगळी पॅकेजेस अपग्रेड करून रीस्टार्ट, फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि हाताशी पूर्ण दुपार, हे तीन हवेच. दीर्घ पाठिंब्याच्या एका आवृत्तीवरून थेट तिसऱ्यावर उडी मारता येत नाही, २०.०४ वरून २४.०४ ला जायचे तर २२.०४ वर थांबून जावे लागते.

डेबियनची १३ वी आवृत्ती, ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. ज्यांच्या सोर्सेस फाइलीत बुकवर्म या नावाऐवजी नुसते स्टेबल लिहिले होते, त्यांना त्यानंतरच्या पहिल्याच अपडेटला ‘रिपॉझिटरीचे कोडनेम बुकवर्मचे ट्रिक्सी झाले आहे, स्वीकारता का’ असा प्रश्न पडला. सवयीने वाय दाबून जे पुढे साधे अपग्रेड करायला गेले, त्यांनी नकळत आवृत्तीबदलात पाऊल टाकले. फाइलीत आवृत्तीचे नाव लिहावे. आणि संगणक ३२ बिटी असेल, तर ट्रिक्सीकडे जाऊच नये. त्या जातीच्या संगणकांसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणे डेबियनने या आवृत्तीपासून बंद केले आहे. जुने संगणक वाचवण्याच्या मोहिमेत असे यंत्र हाती येण्याची शक्यता बरीच असते. एलएससीपीयू या कमांडने ते आधीच तपासून घ्यावे.

आपल्या सदराला विनंती इतकीच, की दुरुस्ती छापताना अपडेट, अपग्रेड आणि गरज असल्यास रीस्टार्ट हे तिन्ही एकत्र, कोणत्या वितरणासाठी ते नमूद करून छापावे, आणि कमांडी मजकुरात न मिसळता रोमन लिपीत स्वतंत्र ओळीत द्याव्यात. मजकूर जुळवताना पर्यायाआधीच्या दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ होते, सरळ अवतरणचिन्हे वळणदार होतात आणि ओळ मोडली की शब्दाच्या मध्ये नसलेली रेघ येते. वाचक ते पाहून जसेच्या तसे टाइप करतो आणि टर्मिनल ते मानत नाही. छापण्यापूर्वी त्या ओळी पानावरून पुन्हा टाइप करून एखाद्या उबुंटू संगणकावर चालवून पाहिल्या, तर हे दोष तिथेच सापडतील.

आपला,
एक वाचक, सांगली